सर्टिफिकेटवरचं नाव बदललं आणि साधा युजर अख्ख्या नेटवर्कचा मालक झाला: ‘सर्टिफ्राइड’ त्रुटी काय होती आणि ती दुरुस्त कशी झाली?

ऑफिसला जॉइन झाल्यावर आयटीवाल्यांनी तुमच्या फोनमध्ये एखादं ‘सर्टिफिकेट’ टाकून दिलंय का? त्यानंतर पासवर्ड न टाकताच फोन ऑफिसच्या वाय-फायला जोडला जातो, व्हीपीएन सुरू होतं, मेल येऊ लागतात. आपण म्हणतो, बरं झालं, पासवर्ड लक्षात ठेवायची कटकट गेली.

पण हे सर्टिफिकेट नेमकं कोण देतं? आणि देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच चूक निघाली तर? मे २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अशाच एका सॉफ्टवेअरमधली मोठी त्रुटी समोर आली. पॅच आला, पण दुरुस्ती पूर्ण व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडला, म्हणजे तीन वर्षांहून जास्त काळ! असं का झालं, ते या लेखात सोप्या भाषेत समजून घेऊया.

डिजिटल सर्टिफिकेट म्हणजे काय?

डिजिटल सर्टिफिकेट म्हणजे एक प्रकारचं ओळखपत्र. कॉलेजच्या आयकार्डावर तुमचं नाव, फोटो आणि कॉलेजचा शिक्का असतो. गेटवरचा वॉचमन तुम्हाला ओळखत नसला तरी त्याचा शिक्क्यावर विश्वास असतो, म्हणून तो तुम्हाला आत सोडतो.

डिजिटल सर्टिफिकेटमध्येही असंच असतं:

- सर्टिफिकेट कोणाचं आहे (युजरचं किंवा कॉम्प्युटरचं नाव)
- ते कोणी दिलं
- कधीपासून कधीपर्यंत चालेल
- कशासाठी वापरता येईल (लॉगिन, मेल, वेबसाइट वगैरे)
- देणाऱ्याची डिजिटल सही, म्हणजेच शिक्का

त्याच्या जोडीला तुमच्या फोनमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये एक गुप्त ‘प्रायव्हेट की’ असते. सर्टिफिकेट कोणालाही दिसलं तरी चालतं, पण ही की फक्त तुमच्याकडे असते. सर्व्हर विचारतो, ‘हे सर्टिफिकेट तुझंच कशावरून?’ तेव्हा तुमचा फोन या कीच्या मदतीने ते सिद्ध करतो.

जो हा शिक्का मारतो त्याला सर्टिफिकेट अथॉरिटी म्हणतात, थोडक्यात सीए. (इथे सीए म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट नव्हे बरं का!)

कंपन्यांमध्ये हे काम कोणतं सॉफ्टवेअर करतं?

बऱ्याच कंपन्यांमध्ये सगळे युजर आणि कॉम्प्युटर मायक्रोसॉफ्टच्या ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’मध्ये नोंदवलेले असतात. ही कंपनीची हजेरीवहीच समजा. कोण कामावर आहे, कोणाला काय उघडता येतं, सगळं तिच्यात. ही वही ज्या सर्व्हरवर असते त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात. ज्याच्या हाती डोमेन कंट्रोलर, त्याच्या हाती सगळी कंपनी.

याच वहीच्या आधाराने सर्टिफिकेट वाटणारं सॉफ्टवेअर म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरी सर्टिफिकेट सर्व्हिसेस, म्हणजेच एडी सीएस. कोणाला कोणतं सर्टिफिकेट द्यायचं याचे छापील फॉर्म त्यात तयार असतात. त्यांना टेम्प्लेट म्हणतात. युजरसाठी एक, कॉम्प्युटरसाठी एक, वेब सर्व्हरसाठी एक, असे.

अडचण अशी की ही सेवा एकदा बसवली की ती वर्षानुवर्षं गुपचूप चालत राहते. बंद पडत नाही म्हणून कोणी बघत नाही आणि कोणी बघत नाही म्हणून त्यातल्या चुका तशाच राहतात.

२०२१: आधी धोक्याची घंटा वाजली

जून २०२१ मध्ये स्पेक्टरऑप्स या सुरक्षा कंपनीच्या विल श्रोडर आणि ली ख्रिस्टेनसेन यांनी एडी सीएसवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्टिफिकेटची सेटिंग चुकीची असेल तर साधा युजर वरपर्यंत कसा पोचतो, हे त्यांनी प्रकार पाडून दाखवलं. या प्रकारांना ईएससी१, ईएससी२ अशी नावं दिली आणि ती ईएससी८ पर्यंत गेली. त्यातले दोन लक्षात ठेवा.

*ईएससी१:* टेम्प्लेटमध्ये ‘नाव अर्जदाराने स्वतः भरावं’ अशी सोय सुरू असते, ते लॉगिनसाठी चालतं, कोणीही अर्ज करू शकतो आणि मंजुरीही लागत नाही. मग काय, अर्जात स्वतःच्या नावाऐवजी ॲडमिनचं नाव लिहायचं!

*ईएससी८:* सर्टिफिकेटसाठी अर्ज करायचं वेब पेज कमी सुरक्षित पद्धतीने चालू असेल, तर हल्लेखोर दुसऱ्या कॉम्प्युटरची लॉगिनची विनंती मधल्यामध्ये पकडून त्या पेजकडे वळवतो आणि त्या कॉम्प्युटरच्या नावाने सर्टिफिकेट मिळवतो.

पुढच्याच महिन्यात, जुलै २०२१ मध्ये, ‘पेटिटपोटॅम’ नावाची युक्ती समोर आली. डोमेन कंट्रोलरला आपल्याकडे लॉगिन करायला भाग पाडणारी ही युक्ती ईएससी८ बरोबर जोडली की थेट डोमेन कंट्रोलरच्या नावाचं सर्टिफिकेट हाती लागत होतं.

पण या सगळ्यात ‘तुमची सेटिंग चुकली’ असं म्हणता येत होतं. पुढच्या वर्षी सापडलेली त्रुटी मात्र वेगळी होती. तिच्यासाठी सेटिंग चुकायची गरजच नव्हती.

‘सर्टिफ्राइड’ त्रुटी नेमकी काय होती?

ऑलिव्हर लियाक या संशोधकाने ही त्रुटी शोधली आणि ‘झिरो डे इनिशिएटिव्ह’मार्फत मायक्रोसॉफ्टला कळवली. तिचा अधिकृत क्रमांक सीव्हीई-२०२२-२६९२३. गंभीरतेचे गुण १० पैकी ८.८. मायक्रोसॉफ्टने १० मे २०२२ रोजी पॅच दिला.

आता एक उदाहरण घेऊ. तुमच्या वर्गात ‘प्रसाद पाटील’ नावाची दोन मुलं आहेत. परीक्षेला बाईंनी फक्त नाव बघून पेपर दिला तर? एकाचे मार्क दुसऱ्याला जातील. म्हणून तर विद्यापीठ प्रत्येकाला पीआरएन नंबर देतं. नावं सारखी असू शकतात, पीआरएन नाही.

एडी सीएसमध्ये हीच गडबड होती. प्रत्येक अकाउंटला आत एक न बदलणारा नंबर असतो, त्याला एसआयडी म्हणतात. हा त्याचा पीआरएन. पण सर्टिफिकेटवर हा नंबर छापलाच जात नव्हता, फक्त नाव छापलं जायचं. युजरसाठी त्याचं लॉगिन नाव आणि कॉम्प्युटरसाठी त्याचं नेटवर्कवरचं नाव, म्हणजे डीएनएस नाव.

त्रुटी तीन गोष्टी एकत्र आल्यामुळे तयार झाली:

१. कोणीही कॉम्प्युटर जोडू शकत होता. ॲक्टिव्ह डिरेक्टरीमध्ये मूळ सेटिंगनुसार साध्या युजरलाही १० पर्यंत कॉम्प्युटर अकाउंट तयार करता येतात.

२. जोडणाऱ्याला कॉम्प्युटरचं नाव बदलता येत होतं. आणि ते डीएनएस नाव दुसऱ्या कोणाचं आहे का, हे नीट तपासलं जात नव्हतं.

३. सर्टिफिकेट फक्त त्या नावावर मिळत होतं. कॉम्प्युटरचं टेम्प्लेट मुळातच उपलब्ध असतं.

म्हणजे कालच जॉइन झालेल्या इंटर्नचा पासवर्ड चोरीला गेला तरी पुरे. चोर एक खोटा कॉम्प्युटर नोंदवणार, त्याला डोमेन कंट्रोलरचं नाव देणार, सर्टिफिकेट मागणार. सीए वही बघून त्या नावाचं सर्टिफिकेट इमानदारीत छापून देणार. लॉगिनच्या वेळी सर्व्हर नाव बघणार आणि म्हणणार, ‘अरे, हा तर डोमेन कंट्रोलर!’ तिथून पुढे कंपनीतल्या प्रत्येक अकाउंटच्या पासवर्डचे हॅश काढून घेता येतात.

ही फक्त पुस्तकातली भीती नव्हती. अमेरिकेची सायबर सुरक्षा संस्था सिसा, प्रत्यक्षात वापरल्या गेलेल्या त्रुटींची यादी ठेवते. ऑगस्ट २०२२ मध्ये ही त्रुटी त्या यादीत गेली.

पॅचमध्ये काय बदललं?

दुरुस्ती दोन बाजूंनी झाली.

*नाव बदलण्यावर बंधन:* कॉम्प्युटरचं डीएनएस नाव त्याच्या स्वतःच्या अकाउंटच्या नावाशी जुळलंच पाहिजे, ही तपासणी कडक झाली. साध्या युजरला आता दुसऱ्याचं नाव घेता येत नाही.

*सर्टिफिकेटवर एसआयडी:* पॅच टाकलेला सीए सर्टिफिकेटमध्ये एक नवीन रकाना छापतो. त्याचा तांत्रिक क्रमांक १.३.६.१.४.१.३११.२५.२ आणि त्यात अर्जदाराचा एसआयडी असतो. डोमेन कंट्रोलर नाव तर बघतोच, पण एसआयडी जुळतो का हेही बघतो. आयकार्डावर पीआरएन छापायला लागले, असं समजा.

म्हणून पॅच दोन्हीकडे टाकावा लागतो: सर्टिफिकेट देणाऱ्या सर्व्हरवरही आणि ते तपासणाऱ्या डोमेन कंट्रोलरवरही. एकाच ठिकाणी टाकला तर काम अर्धवट.

मग तीन वर्षं का लागली?

खरी गंमत इथेच आहे. नवीन आयकार्डावर नंबर आला, पण आधी वाटलेल्या कार्डांचं काय? त्यावर नंबर नाहीच. वॉचमनला ‘नंबर नसेल तर आत सोडू नको’ असं सांगितलं, तर पहिल्याच दिवशी अर्धं कॉलेज गेटबाहेर उभं राहील.

मे २०२२ मध्ये थोडंफार तसंच झालं. डोमेन कंट्रोलरवर अपडेट टाकल्यावर काही कंपन्यांमध्ये सर्टिफिकेटने होणारं लॉगिन अडलं. वाय-फाय आणि व्हीपीएनसाठी वापरल्या जाणाऱ्या सेवांना फटका बसला. सिसाने तर त्याच अपडेटमधली दुसरी एक त्रुटी आपल्या यादीतून तात्पुरती काढून ठेवली, कारण ती यादीत राहिली असती तर सरकारी खात्यांना ठरलेल्या मुदतीत अपडेट टाकावाच लागला असता. शेवटी १९ मे २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने नेहमीचं वेळापत्रक सोडून मधेच आणखी एक अपडेट दिला.

म्हणून मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती टप्प्याटप्प्याने करायचं ठरवलं:

- मे २०२२: ‘कम्पॅटिबिलिटी मोड’. एसआयडी नसलेलं जुनं सर्टिफिकेट चालेल, पण त्याची नोंद लॉगमध्ये पडेल.
- एप्रिल २०२३: ही तपासणी पूर्णपणे बंद ठेवायची सोय काढून टाकली.
- फेब्रुवारी २०२५: कडक तपासणी मूळ सेटिंग म्हणून लागू. गरज असेल त्यांना काही काळ मागे जायची मुभा.
- सप्टेंबर २०२५: ती मुभाही संपली.

कडक तपासणीची तारीख आधी मे २०२३ होती. मग ती नोव्हेंबर २०२३ झाली आणि शेवटी फेब्रुवारी २०२५. कारण उघड आहे. जगभरातल्या कंपन्यांना आपली जुनी सर्टिफिकेट शोधून बदलायची होती आणि कुठे कुठे वाटली आहेत हेच अनेकांना माहीत नव्हतं.

यात स्मार्टफोनचा काय संबंध?

लॅपटॉप थेट ॲक्टिव्ह डिरेक्टरीत असतो, त्यामुळे त्याला नवीन सर्टिफिकेटमध्ये एसआयडी आपोआप मिळतो. तुमचा अँड्रॉइड फोन किंवा आयफोन मात्र तिथे नोंदवलेला नसतो. त्याच्यासाठी मायक्रोसॉफ्ट इंट्यूनसारखं फोन सांभाळणारं सॉफ्टवेअर मधे उभं राहून सर्टिफिकेट मागतं आणि नावही तेच भरतं. अशा अर्जात सीए एसआयडी आपोआप छापत नाही.

त्यामुळे फोनसाठी वेगळी सोय करावी लागली. २०२४ मध्ये इंट्यूनमध्ये सर्टिफिकेटच्या पर्यायी नावाच्या रकान्यात एसआयडी भरायची सुविधा आली. ज्या ऑफिसने हे वेळेत केलं नाही आणि फोनच्या लॉगिनची तपासणी डोमेन कंट्रोलरकडे जाते, तिथे कडक तपासणी सुरू झाल्यावर फोनचं वाय-फाय किंवा व्हीपीएन अडू शकतं. ‘काल चालत होतं, आज चालत नाही’ अशी तक्रार आली तर कारण हेही असू शकतं.

आयटी टीमने काय करायचं? (पायरीपायरीने)

तुम्ही आयटी सपोर्टला किंवा सिस्टिम ॲडमिन म्हणून काम करत असाल, तर हा भाग तुमच्यासाठी.

१. पॅच दोन्हीकडे टाका. एडी सीएसचे सर्व्हर आणि सगळे डोमेन कंट्रोलर. एकही सुटता कामा नये.

२. लॉग वाचा. डोमेन कंट्रोलरच्या सिस्टिम लॉगमध्ये ३९, ४० आणि ४१ हे इव्हेंट बघा. ३९ म्हणजे सर्टिफिकेट आणि अकाउंट यांची पक्की जोडणी नाही. ४० म्हणजे सर्टिफिकेट अकाउंटच्या आधीचं आहे. ४१ म्हणजे एसआयडी जुळत नाही. (विंडोज सर्व्हर २००८ च्या जुन्या आवृत्त्यांवर हे क्रमांक वेगळे आहेत.) ४१ दिसला तर ‘बघू नंतर’ म्हणू नका, लगेच तपासा.

३. जुनी सर्टिफिकेट बदला. पॅचनंतर नव्याने घेतलेल्या सर्टिफिकेटमध्ये एसआयडी येतो. जिथे शक्य नाही तिथे अकाउंटला सर्टिफिकेट हाताने जोडा, पण देणाऱ्याचं नाव आणि सीरियल नंबर अशी पक्की जोडणी वापरा. फक्त नाव किंवा ईमेलवर केलेली जोडणी कच्ची समजली जाते.

४. कॉम्प्युटर जोडायची मुभा काढा. साध्या युजरचा १० चा कोटा शून्यावर आणा. हे काम फक्त आयटी टीमकडे ठेवा.

५. टेम्प्लेट तपासा. ‘नाव अर्जदाराने भरावं’ हा पर्याय खरंच कुठे लागतो? लागत असेल तिथे मंजुरी ठेवा आणि अर्ज कोण करू शकतो ते मोजक्या लोकांपुरतं ठेवा. ईएससी१ ची चूक २०२२ च्या पॅचने जात नाही, ती हातानेच दुरुस्त करावी लागते. न वापरातली टेम्प्लेट बंद करा.

६. अर्जाचं वेब पेज सुरक्षित करा. नको असेल तर काढून टाका. हवं असेल तर फक्त एचटीटीपीएस ठेवा, ‘एक्स्टेंडेड प्रोटेक्शन’ सुरू करा आणि तिथलं जुनं एनटीएलएम लॉगिन बंद करा.

७. सीएवर ऑडिट सुरू करा. इव्हेंट ४८८६ म्हणजे अर्ज आला, ४८८७ म्हणजे सर्टिफिकेट दिलं. ऑडिट बंद असेल तर चोरी झाली तरी मागमूस लागत नाही.

८. सीएला डोमेन कंट्रोलरइतकंच जपा. ‘तो फक्त सर्टिफिकेटचा सर्व्हर आहे’ असं म्हणून त्याचा पासवर्ड दहा जणांना देऊ नका.

पासवर्ड बदलला की झालं का?

नाही! हे फार जण विसरतात. चोराने तुमच्या नावाने सर्टिफिकेट मिळवलं असेल, तर तुम्ही पासवर्ड बदलला तरी त्याचं सर्टिफिकेट मुदत संपेपर्यंत चालत राहतं. ही मुदत अनेकदा एक वर्ष असते. म्हणून हल्ल्यानंतर पासवर्ड बदलण्यासोबत संशयास्पद सर्टिफिकेट रद्द करणं गरजेचं असतं.

भारतात असं काही घडलंय का?

त्रुटी हीच नव्हे, पण सर्टिफिकेट देणाऱ्यावरचा विश्वास डळमळल्याची घटना आपल्याकडेही झाली आहे. जुलै २०१४ मध्ये गुगलला आढळलं की नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरच्या, म्हणजे एनआयसीच्या, सीएमधून गुगलच्या डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेट निघाली आहेत. या सीएवर देशाच्या कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीजचा शिक्का होता, त्यामुळे विंडोजचा त्यावर विश्वास होता. अँड्रॉइड आणि आयफोनच्या विश्वासू यादीत हा शिक्का नसल्याने फोन वाचले.

कंट्रोलरने एनआयसीची ती सर्टिफिकेट रद्द केली. सर्टिफिकेट देण्याच्या प्रक्रियेतच घुसखोरी झाली होती आणि चार सर्टिफिकेट चुकीची निघाली, असं तपासात सांगितलं गेलं. पण गुगलकडे त्या चारांत नसलेलीही सापडली होती. शेवटी क्रोमने या शिक्क्याचा विश्वास सात ठरावीक डोमेनपुरताच ठेवला.

दोन्ही घटनांत कुलूप कोणी फोडलं नाही. किल्ली बनवणाऱ्याकडूनच किल्ली करून घेतली.

तुमच्या फोनमध्ये काय बघाल?

- अँड्रॉइड: सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीच्या आत ‘एन्क्रिप्शन अँड क्रेडेन्शियल्स’ शोधा (कंपनीनुसार नाव थोडं वेगळं असेल). ‘युजर क्रेडेन्शियल्स’मध्ये तुम्ही किंवा ऑफिसने टाकलेली सर्टिफिकेट दिसतात.
- आयफोन: सेटिंग्ज, जनरल, मग ‘व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट’.
- ओळखीचं नसलेलं सर्टिफिकेट दिसलं तर ऑफिसच्या आयटी टीमला विचारा. नोकरी सोडली असेल तर जुन्या ऑफिसचं प्रोफाइल काढून टाका.
- व्हॉट्सॲपवर किंवा एखाद्या ॲपने ‘हे सर्टिफिकेट इन्स्टॉल करा’ म्हटलं तर करू नका.
- फोन हरवला तर सिम ब्लॉक करून थांबू नका. ऑफिसलाही कळवा, म्हणजे ते त्या फोनचं सर्टिफिकेट रद्द करतील.

थोडक्यात सांगायचं तर

सर्टिफ्राइडमध्ये गणित चुकलं नव्हतं, सहीसुद्धा खोटी नव्हती. सर्टिफिकेट अगदी खरं होतं, फक्त ते चुकीच्या माणसाला मिळालं होतं, कारण ओळख बदलता येणाऱ्या नावावर ठरत होती. दुरुस्ती ऐकायला एका ओळीची आहे: नावासोबत न बदलणारा नंबर छापा. पण आधी वाटलेली प्रत्येक सर्टिफिकेट शोधून बदलेपर्यंत ती दुरुस्ती पूर्ण होत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी आयटीवाल्यांचा मेल आला की ‘फोनवरचं सर्टिफिकेट नव्याने घ्या’, तेव्हा तो बाजूला टाकू नका. दोन मिनिटांचं काम आहे, लगेच करून टाका.